तेरेसाबायच्या डिसेंबरच्या विमानाबद्दल

उमेळे, वसई
५ नोव्हेंबर

प्रिय तेरेसाबाय हिस,
धाकट्या ज्युलियसचा नमस्कार, आणि नेहमीप्रमाणे आशीर्वादाची अपेक्षा.

तुमच्या मेलबर्नला आता उन्हाळा लागत असेल. तुझा गुडघा कसा आहे? भावजींची साखर आटोक्यात आहे ना? तुझ्या केल्विनला नव्या नोकरीत दुपारी जेवायला वेळ मिळतो का, हे आईने विचारायला सांगितलं आहे. (तिने हे मागच्या प्रत्येक फोनवर विचारलं आहे आणि तू उत्तरही दिलं आहेस. पण ते उत्तर 'सॅलड' असं असल्यामुळे ती ते जेवण म्हणून धरत नाही.) इकडे सर्वांचं बरं चाललं आहे. आईचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. रोझमेरी शाळेतले पेपर तपासते आहे आणि त्यामुळे घरात कोणीही मोठ्याने बोलत नाही. आमची क्रिस्टिना रोज कॉलेजला जाते, असं ती सांगते. मी ऑफिसातून वेळेवर परत येतो आणि रोजनिशी लिहितो, म्हणजे माझंही बरं आहे.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुझा फोन आला की आई स्पीकर लावायला सांगते, आणि स्पीकर लागला की जॉयस कुंपणापलीकडून तुझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागते. मागे तू मला माझं वजन विचारलंस, ते तुला जॉयसने सांगितलं. म्हणून कागद घेतला. क्रिस्टिना याचे फोटो काढून तुला पाठवील. (न वाचता पाठवीन, असं तिने कबूल केलं आहे. हे वाक्य वाचून ती नाराज झाली तर मला कळेल.)

आता विषयाचं लिहितो. तुझा पंधरवड्यापूर्वीचा मेसेज मिळाला. यंदा नाताळाला तू येणार नाहीस, एवढ्या लांबून दरवर्षी विमानाने येणं पृथ्वीला झेपणारं नाही, यापुढे दोन-तीन वर्षांतून एकदा येशील, आणि हे सगळं तुला माझं चर्चमधलं भाषण ऐकून पटलं, असं तू लिहिलंस. भावजीही म्हणाले की योग्य आहे. (भावजींना डिसेंबरात रजा कधीच नसते, ते मागची काही वर्षं आलेलेच नाहीत. दुसऱ्याचा प्रवास सोडायला माणूस किती लवकर तयार होतो, हे मी नुसतं नोंदवून ठेवतो, यात टीका नाही.) शेवटी तू लिहिलंस की आईला तूच नीट समजावून सांग, तू इतकं छान समजावतोस. त्यावर मी वर केलेला अंगठा पाठवला. तो पाठवल्यापासून आजपर्यंत मी दुसरं काहीही केलेलं नाही. तू येणार नाहीस हे आईला अजून माहीत नाही. तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकून झाली, आणि मर्विनच्या वाडीत तुझ्या नावाची दोन बदकं वाढत आहेत. तुझ्या निर्णयाने ज्यांचा निखळ फायदा झाला असे आतापर्यंत तेवढेच दोघे आहेत, आणि त्यांनाही मी अजून काही सांगितलेलं नाही.

पण आईला सांगण्याआधी, ज्या माणसाचं ऐकून तू हे ठरवलंस तो माणूस विमान सोडण्यापर्यंत पोहोचला कसा, हे तुला माहीत असायला हवं असं मला वाटतं. माझ्या भाषणात ते होतं. तुझ्यापर्यंत का आलं नाही ते पुढे येईल.

यंदा उपवासकाळ सुरू होण्याआधी आपल्या समूहाची सभा मर्विनच्या ओटीवर भरली. (समूह अजून तसाच आहे. आळीतली घरं महिन्यातून एकदा जमतात, प्रार्थना करतात आणि मग खातात. खाणं पूर्वी बटाटेवड्यांचं असे, आता तळलेलं नको म्हणून ढोकळा असतो, आणि ढोकळा आल्यापासून प्रार्थना लांबत चालली आहे.) मर्विन यंदा समूहप्रमुख आहे. त्याने सांगितलं की दरवर्षी आपण ईस्टरपर्यंत काहीतरी सोडतोच, पण नव्या फादरांची इच्छा अशी की या वेळी निसर्गाचा विचार करून सोडावं. मग एका टोकापासून सुरुवात झाली. मर्विनने मटण सोडलं. शेजारच्या जॉनने दारू सोडली, ती तो दरवर्षी सोडतो आणि ईस्टरच्या संध्याकाळी मागची बाकी भरून काढतो. त्यात निसर्ग कुठे आला असं कोणी विचारलं नाही. जॉयसने मालिका सोडल्या, वीज वाचते म्हणून. माझी पाळी येत चालली तशी माझी अडचण वाढली. दारू मी घेत नाही. मटण मर्विनने नेलं होतं, आणि लगेच दुसऱ्याने तेच म्हणणं बरं दिसत नाही. चहा सोडला की माझं डोकं दुखतं आणि त्याची शिक्षा रोझमेरीला होते.

इथे मला स्वतःवर अन्याय करायचा नाही. त्याआधी बरेच महिने मी या विषयावर वाचत होतो. भाजीला कापडी पिशवी नेऊन, नळ घट्ट बंद करून, दिवे मालवून माणूस जे काही वाचवतो ते विमानाच्या एका लांबच्या फेरीत कुठल्या कुठे वाहून जातं, हे वाचल्यापासून मला पिशवी हातात घेतली तरी ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणजे विचार माझ्यात होता. पण तो त्या क्षणी तोंडातून बाहेर का पडला, तर माझी पाळी आली म्हणून. या दोन गोष्टी मला आजवर एकमेकींपासून सोडवता आलेल्या नाहीत. मी उठलो आणि म्हणालो, मी विमानात बसणार नाही.

मर्विन म्हणाला, "चाळीस दिवस?"

खरी चूक यानंतर झाली. त्या चाळीस दिवसांत मला कुठेही जायचं नव्हतं. हो म्हटलं असतं तर ती फसवणूक झाली असती, शाकाहारी माणसाने बोंबील सोडावेत तशी. ते माझ्याच्याने होईना, म्हणून मी म्हणालो, "कायमचं." नुसत्या प्रामाणिकपणापोटी मी चाळीस दिवसांचे जन्मभर केले. मग जॉयसने विचारलं, "ज्युलियस, तू आजवर बसलायस किती वेळा?" मी म्हणालो, दोनदा. "मग मी पण सोडते," ती म्हणाली, "हेलिकॉप्टर." लोक हसले, ढोकळा आला, आणि मला वाटलं विषय संपला.

तो संपला नाही, निदान माझ्या आत तरी नाही. उमेळ्यावरून मुंबईला उतरणारी विमानं जातात हे तुला आठवत असेल. लहानपणी आपण त्यांना हात करायचो. आता मी वाडीत उभा राहून प्रत्येक विमानाकडे असा बघू लागलो, जसा जॉन उपवासकाळात बारच्या पाटीकडे बघतो. फरक इतकाच की जॉनच्या नजरेत ओढ असते आणि माझ्या नजरेत थोडी तुच्छता आली. आत बसलेल्यांत कोणी आजारी आईला भेटायला निघालेला असेल, कोणी नोकरीसाठी, हे मला कळत होतं. तरी पोटात एक छान ऊब यायची. ती ऊब पर्यावरणाची होती की माझी स्वतःची, असा प्रश्न मी रोजनिशीत लिहिला. उत्तरासाठी जागा सोडली. ती अजून रिकामी आहे.

मे महिन्यात आम्ही एसी घेतला. आपल्या घरात इतकी वर्षं एसी नव्हता, मीच विरोध करत होतो. या वेळी रोझमेरीने विचारलं आणि मी चक्क हो म्हणालो. ती चमकली. मग माझ्या लक्षात आलं की मनात कुठेतरी मी असा हिशेब केला होता की जो माणूस जन्मात विमानात बसणार नाही, त्याने थोडा गारवा घेतला तर सृष्टीचं देणंघेणं सारखंच राहतं. हे रोझमेरीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू आणखी काहीतरी सोड, म्हणजे फ्रिज पण बदलता येईल." एसी आता आईच्या खोलीत आहे आणि ती तो लावत नाही, कारण खिडकी बंद केली की तिला रस्त्यावरून कोण गेलं ते कळत नाही. मी विचार करायला अधूनमधून तिच्या खोलीत जाऊन बसतो.

शिवाय या व्रताचे काही फायदे झाले, आणि त्यांनीच मला जास्त छळलं. ऑफिसने इंदूरला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. तिथे सकाळी सगळ्यांना गोल करून टाळ्या वाजवायला लावतात, असं आधी जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं. मी साहेबांना म्हणालो, मी तत्त्व म्हणून विमानाने जात नाही. साहेबांनी माझ्याकडे आदराने पाहिलं आणि दुसऱ्याला पाठवलं. इंदूरला रेल्वे जाते, हे मला माहीत होतं. त्यांना आठवलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. रोझमेरीच्या मामेबहिणीच्या हैदराबादच्या लग्नाचंही तसंच. ज्या ठिकाणी जायचं नाही तिथे न जाण्यासाठी तत्त्व कामाला येऊ लागलं, तर ते तत्त्व राहतं की निमित्त होतं, यावर मी बराच विचार केला. मी शेवटी असं ठरवलं की विमानाला याच्याशी काही घेणं नाही, माझा हेतू काहीही असला तरी त्यातली एक जागा मी कमी केलीच. हे उत्तर मला दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी मी पापनिवेदनाला गेलो आणि जाळीपलीकडच्या नव्या फादरांना सांगितलं की मी विमान सोडलं आहे आणि मला त्याचा गर्व झाला आहे. मग त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या, पापक्षमा दिली, आणि मी उठत असताना त्याच आवाजात विचारलं, सप्टेंबरात आपण निसर्गाचा रविवार करतो आहोत, तेव्हा पाच मिनिटं बोलाल का? गर्वाचं औषध म्हणून मला व्यासपीठ मिळालं. नाही म्हणायला हवं होतं. पण त्या काळोख्या खोक्यात गुडघ्यावर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं फार कठीण जातं.

भाषणाआधी आमची वेलंकणीची यात्रा झाली. दरवर्षीप्रमाणे समूहातली बरीच मंडळी निघाली. सगळे विमानाने त्रिचीपर्यंत आणि पुढे बसने जाणार होते. मी अर्थातच रेल्वेने. रोझमेरी म्हणाली, नवस माझा आहे आणि व्रत तुझं आहे, पण नवरा एकच असल्यामुळे मी तुझ्याबरोबर येते. (हे ती प्रेमाने म्हणाली की नाही, ते मी त्या वेळी विचारलं नाही.) प्रवासाची सुरुवात फार छान झाली. रोझमेरीने खिमा-पाव बरोबर घेतले होते. शेजारच्या बाकावर एक निवृत्त दांपत्य होतं. मी विचारायच्या आधीच ते आपणहून म्हणाले की त्यांना विमानाची भीती वाटते म्हणून ते रेल्वेने जातात. मला भीती वाटत नाही, मी पृथ्वीसाठी जातो, असं मी त्यांना सांगितलं. नंतर खूप वेळ मी मनात तपासत होतो की मला खरंच भीती वाटत नाही ना. चहाचे कागदी कप मी खिडकीतून न टाकता एका पिशवीत जमा केले. ती पिशवी मी वसईपर्यंत परत आणली आणि रोझमेरीने ती घरच्या कचऱ्यात टाकली.

पुढे रुळावर पाणी आलं आणि गाडी एका अशा स्थानकावर थांबली जिथे चिंचेच्या झाडाशिवाय काही नव्हतं. ती तिथे इतका वेळ थांबली की निवृत्त दांपत्यालाही विमानाची भीती वाटेनाशी झाली. आम्ही चेन्नईला पोहोचलो तेव्हा पुढची गाडी निघून गेली होती. वेलंकणीचा सण त्याच दिवशी होता. रोझमेरीचा नवस त्या दिवसाचा होता. ती बॅगेवर बसली आणि जपमाळ काढली. मी स्टेशनबाहेर जाऊन एक गाडी ठरवली. सात-आठ माणसांची ती जुनी डिझेल गाडी, आत आम्ही दोघं. तेरेसाबाय, त्या गाडीतून जो धूर निघत होता तसा धूर मी फक्त वीटभट्टीवर पाहिला आहे. मागे येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. साऱ्या तामिळनाडूतून आम्ही तो धूर ओढत नेला. मध्येच रोझमेरी मागे वळून म्हणाली, "विमानाने आलो असतो तर हा आपल्याला दिसला तरी नसता." आम्ही पोहोचलो तेव्हा मिरवणूक संपली होती आणि मर्विन आणि मंडळी परतीच्या बसमध्ये चढत होती. त्याने आमच्या नावाची मेणबत्ती आधीच लावून ठेवली होती. आमची अवस्था पाहून त्याचे डोळे भरून आले. गाडी आडोशाला उभी होती, ती त्याला दिसली नाही.

वसईला परतेपर्यंत माझी कीर्ती माझ्या आधी पोहोचली होती. ज्युलियस आणि रोझमेरी निसर्गासाठी हाल सोसत, दिवसरात्र करत वेलंकणीला गेले, सण हुकला तरी विमानात बसले नाहीत. मर्विनने हे प्रत्येक घरी सांगितलं. निसर्गाच्या रविवारी मिस्साविधी संपल्यावर मी बोलायला उभा राहिलो तेव्हा चर्च भरलेलं होतं. पहिला भाग मी पाठ केला होता: तापमान, बर्फ, समुद्र, आपली खाडी, आणि एक वाक्य, 'ज्याचं प्रेम खरं आहे त्याला पोहोचायची घाई नसते.' हे मला आदल्या दिवशी अंघोळीच्या वेळी सुचलं होतं. त्याचा अर्थ काय, हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. पण ते ऐकून पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या भागात मी सगळं खरं सांगितलं: पाळी आली म्हणून सोडलं, चाळीस दिवसांचे कायमचे कसे झाले, एसी, इंदूर, आणि डिझेलची गाडी. लोक आधी हसले आणि मग टाळ्या वाजवल्या. त्यांना ती नम्रता वाटली. बाहेर आल्यावर फादर म्हणाले, स्वतःला एवढं कमी लेखू नका.

क्रिस्टिनाने भाषणाचं चित्रण केलं होतं. फाइल मोठी झाली म्हणून तिने ते कापून अर्धं करून सगळ्यांना पाठवलं. तिने पहिलं अर्धं ठेवलं. तू जे ऐकलंस ते तेवढंच. म्हणून तुझ्या मेसेजच्या शेवटी ते घाईचं वाक्य मलाच परत आलं. अंघोळीच्या बादलीतून निघालेलं वाक्य मेलबर्नला जाऊन एक प्रवास रद्द करून येईल, असं मला वाटलं नव्हतं.

आता गंभीरपणे. मुद्दा चुकीचा नाही, तेरेसाबाय. मी पुष्कळदा उलटतपासणी करून पाहिली, मुद्दा टिकतो. तू जो विचार केलास तो माझ्यापेक्षा सरळ आहे, कारण तुला त्याची झळ लागणार आहे. मी सोडलं ते मला लागत नव्हतं. मी संध्याकाळी कुंपणाशी उभा राहिलो की माझी सगळी माणसं हाकेच्या अंतरावर असतात. (जॉयस तर हाकेच्याही अलीकडे असते.) तुझं तसं नाही. तू वर्षाला एकदाच विमानात बसतेस आणि ती फेरी आईच्या खोलीत येऊन संपते. आपल्या दोघांचं सोडणं एकाच मापाने मोजायला मला जमलेलं नाही, आणि तू माझंच माप घेऊन स्वतःला मोजलंस, याचं मला वाईट वाटतं आहे.

आईला समजावण्याचा एक प्रयत्न मी परवा केला, पण तुझं नाव न घेता. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, आई, समज एक मुलगी आहे, ती लांब राहते, ती विचार करते की विमानाने पृथ्वी तापते, बर्फ वितळतं, समुद्र वर येतो, आपल्या वसईत पाणी शिरतं. आई म्हणाली, "आपल्या वाडीत पानी त्या बिल्डिंगवाल्यान भराव टाकला तवापासून येते. ती पोरगी विमानात बसली म्हनून येते?" मी म्हणालो, नुसतं तिच्यामुळे नाही, सगळ्यांमुळे. त्यावर तिने तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "ती नाय बसली तर विमान ऱ्हाते का? ते येतेच ना? मंग तिची जागा रिकामी घेऊन येनार." मी सांगितलं की खूप लोक बसले नाहीत तर एक दिवस विमानं कमी होतील. तिने थोडा विचार केला. "मंग बाकीच्यांना ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "त्या पोरीला येऊ दे." आणि मला म्हणाली की सूप उचल, आत ने. ज्या विषयावर मी चर्चमध्ये टाळ्या घेतल्या तो विषय एवढ्यात संपला.

तेव्हा मी समजावण्याच्या कामाला नालायक आहे, हे तुला कळवतो. बाकी तुझ्या निर्णयाचा मला आदर आहे. तो मी बदलायला सांगणार नाही. सांगितलं तर मी कोणत्या तोंडाने सांगणार, हा प्रश्न आहेच. तू ठरवशील ते योग्यच असेल. भावजींना नमस्कार, केल्विनला प्रेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भाऊ,
ज्युलियस

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. तो खरा नाही. आदर आहे, पण तू यावंस असं मला वाटतं, आणि हे मी तत्त्वात कुठेच बसवू शकलेलो नाही. तू आलीस तर समूहात मी सांभाळून घेईन. मर्विनला सांगीन की तिकीट आधीच काढलेलं होतं. (हे खोटं होईल, पण ते मी पापनिवेदनाला सांगीन. फक्त जुन्या फादरांकडे जाईन.)

दुसरा ता. क., ६ नोव्हेंबर. क्रिस्टिना काल फोटो काढायला बसणार तोच आई आत आली. तिला सगळं माहीत आहे. जॉयसने बाजारातून येताना सांगितलं, आणि जॉयसला क्रिस्टिनाकडून कळलं होतं. त्या दिवशी ओटीवर 'ती पोरगी' कोण ते आईला ठाऊकच होतं. ती रागावलेली नाही. तिने फक्त असं जाहीर केलं की तेरेसाला येता येत नसेल तर मी जाते, नाताळला नाय तर ईस्टरला. एकोणऐंशीव्या वर्षी, पहिल्यांदा, मेलबर्नला. क्रिस्टिनाने तिच्या पासपोर्टचा अर्ज रात्रीच भरला. आई खरंच निघणार आहे की तुला आणण्यासाठी हे चाललं आहे, ते मला ओळखता आलेलं नाही, आणि मी तिला सेहेचाळीस वर्षं ओळखतो.

तिसरा ता. क. तिला एकटीला पाठवता येणार नाही, हे उघड आहे. कोणीतरी बरोबर हवं. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्रताची आठवण करून दिली, तेव्हा आई म्हणाली, "तू डोळं मिटून बस." रोझमेरी म्हणते की तुम्ही दोघं जाणार असाल तर मी इथे जॉयसबरोबर राहणार नाही. म्हणजे तीन माणसं, जाऊन येऊन. तू न येण्याने जी एक जागा वाचली तिच्या बदल्यात तिप्पट. मी हा हिशेब दोनदा तपासला. पृथ्वीचा विचार केला तर, तेरेसाबाय, तूच विमानात बसणं भाग आहे. हे तत्त्वात पूर्ण बसतं.

शेवटचा ता. क. आईला घेऊन स्टेशनजवळच्या स्टुडिओत जाऊन आलो. व्हिसाच्या फोटोत हसू नये असं क्रिस्टिनाने कुठेतरी वाचलं होतं, आणि फोटोवाल्यानेही तिला तसं बजावलं. तरी ती प्रत्येक फोटोत हसली आहे. मी म्हणालो, आई, हसतेस कशाला. म्हणाली, "तेरेसाकडं जायाला काढते ना फोटो, मंग रडू का?" एकही फोटो चालण्यासारखा नाही. शनिवारी परत न्यायचं आहे. शनिवारच्या आत तुझं काय ते कळव.